कार्यालयातील वेब प्रॉक्सीला दिली जाणारी बगल कशी थांबवावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत पेढ्या, मिरजेतील रुग्णालये, कुपवाड औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाने आणि ठिकठिकाणच्या पतसंस्था यांची नेटवर्क सांभाळताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे या पानावर दिली आहेत. पंधरा ते साठ संगणक, एक किंवा दोन इंटरनेट जोडण्या आणि स्वतंत्र संगणक विभाग नसलेले कार्यालय डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. प्रॉक्सी म्हणजे कार्यालयातील संगणक आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसून वेबच्या विनंत्या तपासून पुढे पाठवणारी यंत्रणा, आणि तिला बगल देणे म्हणजे तिला टाळून थेट बाहेर जाणे. उदाहरणांसाठी स्क्विड ही मुक्त प्रॉक्सी धरली आहे, कारण मी स्वतः तीच बसवतो. आपल्याकडे दुसरी यंत्रणा असल्यास नावे बदलतील, तत्त्व तेच राहील.

प्रत्येक संगणकावर प्रॉक्सीचा पत्ता भरला आहे, तरीही काही जण थेट इंटरनेटवर जातात. असे का होते?

ब्राउझरमध्ये भरलेला प्रॉक्सीचा पत्ता ही त्या ब्राउझरला दिलेली सूचना असते आणि ती पाळण्याची सक्ती नेटवर्क करत नाही. कर्मचाऱ्याने ती सेटिंग काढली, पेनड्राइव्हवरून दुसरा ब्राउझर चालवला किंवा प्रॉक्सीची सेटिंग वाचतच नाही असा एखादा प्रोग्राम उघडला, की संगणक सरळ राउटरकडे जातो आणि राउटर त्याला बाहेर सोडतो. हमरस्त्यावर नाका उभारावा आणि शेजारच्या मळ्यातून जाणारी पाणंद मोकळी सोडावी, तसा हा प्रकार आहे. नाक्यावरचा पहारा कितीही वाढवला तरी गाड्या पाणंदीने जाणारच. "प्रॉक्सी चालत नाही" म्हणून मला जिथे जिथे बोलावले गेले, तिथे बहुतेक वेळा प्रॉक्सी व्यवस्थित चालत होती. राउटरवर मात्र आतून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीला कसलाही अटकाव नव्हता.

मग राउटरवर किंवा फायरवॉलवर नेमके काय करावे?

फायरवॉलवर, म्हणजे ये-जा करणारी वाहतूक नियमांनी अडवणाऱ्या किंवा सोडणाऱ्या यंत्रणेवर, आतून बाहेर जाणारी सर्व वाहतूक प्रथम बंद करावी आणि त्यानंतर जे लागेल तेवढेच उघडावे. उलट क्रम, म्हणजे सर्व काही मोकळे ठेवून नको ते एकेक बंद करत जाणे, कधीच पुरा पडत नाही, कारण पळवाटांची यादी रोज वाढत असते आणि आपली यादी नेहमी तिच्या मागे राहते.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा की ८० आणि ४४३ या वेबच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे एकेका सेवेचा ठरलेला क्रमांक) बाहेर जाण्याची मुभा केवळ प्रॉक्सीच्या आयपी पत्त्याला द्यावी. कर्मचाऱ्यांचे संगणक प्रॉक्सीच्या पोर्टशी, स्क्विडच्या बाबतीत सामान्यतः ३१२८ शी, बोलू शकतील एवढेच पाहावे. आउटलुक किंवा थंडरबर्डसारखा मेलचा प्रोग्राम वापरात असेल तर ५८७, ४६५ आणि ९९३ हे पोर्ट उघडावे लागतील, परंतु तेही आपल्या मेल सर्व्हरच्या पत्त्यापुरतेच. "कुठेही" असा शब्द नियमात दिसला तर त्या नियमाकडे संशयाने पाहावे. संगणकांची घड्याळे मिळवण्यासाठी लागणारा यूडीपी (वाहतुकीच्या दोन मुख्य पद्धतींपैकी एक; दुसरी टीसीपी) १२३ हा पोर्ट कार्यालयातल्या एकाच यंत्राला द्यावा आणि बाकीच्यांनी त्या यंत्राकडून वेळ घ्यावी.

नाव शोधण्याच्या, म्हणजे डीएनएसच्या, बाबतीत एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ब्राउझरला प्रॉक्सीचा पत्ता दिलेला असेल तर संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता शोधण्याचे काम प्रॉक्सी करते; कर्मचाऱ्याच्या संगणकाला बाहेरच्या डीएनएसची गरजच उरत नाही. त्यामुळे ५३ आणि ८५३ हे डीएनएसचे पोर्ट कर्मचाऱ्यांच्या संगणकांसाठी बाहेरच्या दिशेने निर्धास्तपणे बंद करता येतात, आणि ज्यांनी स्वतःच्या संगणकावर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे बाहेरच्या डीएनएसचे पत्ते भरून ठेवले आहेत त्यांचा तो मार्ग तिथेच संपतो.

नियम लिहिताना नको असलेले पाकीट (पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) गुपचूप टाकून देण्याऐवजी ते स्पष्टपणे नाकारावे, अशी माझी शिफारस आहे. टाकून दिले की प्रोग्राम उत्तराची वाट पाहत अडकून बसतो आणि "नेट फार हळू आहे" अशी तक्रार येते. नाकारले की अडचण लगेच समोर येते आणि तिचे कारण शोधता येते. नाकारलेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद मात्र लॉगमध्ये झालीच पाहिजे. पहिले आठ दिवस हा लॉग रोज वाचावा, कारण कोणता खरा उपयोगाचा प्रोग्राम आपण नकळत बंद केला आहे हे तिथेच कळते.

फायबर जोडणी देणाऱ्यांनी बसवलेल्या डब्याचे वाय-फाय चालू आहे. त्याने काही बिघडते का?

सर्व काही बिघडते. तो डबा आपल्या फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला असतो, त्यामुळे त्याच्या वाय-फायवर चढलेला माणूस आपल्या एकाही नियमाच्या कक्षेत येत नाही. त्याचा पासवर्ड अनेकदा डब्याच्याच तळाला छापलेला असतो. डब्याचे वाय-फाय बंद करावे, शक्य असल्यास डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचे काम न करता केवळ जोडणी पुढे देणाऱ्या स्थितीत, ठेवावा आणि त्याच्या रिकाम्या लॅन पोर्टमध्ये कोणी केबल खुपसणार नाही अशा कुलूपबंद कपाटात तो हलवावा. नवीन ठिकाणी गेल्यावर मी सर्वांत आधी हेच तपासतो.

संगणक चाळीस आहेत. प्रत्येकावर जाऊन सेटिंग भरणे शक्य नाही. काय करावे?

विंडोजचा डोमेन, म्हणजे सर्व संगणक एका सर्व्हरवरून सांभाळण्याची व्यवस्था, असेल तर ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे त्या सर्व्हरने पाठवलेल्या नियमांतून, प्रॉक्सीची सेटिंग पाठवावी, ती वापरकर्त्याऐवजी संपूर्ण यंत्राला लागू करावी आणि बदलण्याची सोय बंद करावी. क्रोम आणि एज या ब्राउझरांना त्यांच्या स्वतंत्र पॉलिसी आहेत. फायरफॉक्समध्ये पॉलिसीची एक छोटी फाइल ठेवून प्रॉक्सीची सेटिंग कुलूपबंद करता येते आणि त्यासाठी डोमेनचीही गरज नसते.

दुसरा मार्ग पॅक फाइलचा आहे. कोणता पत्ता प्रॉक्सीतून जावा आणि कोणता थेट, हे सांगणारी ही जावास्क्रिप्टची लहानशी फाइल कार्यालयातील एखाद्या सर्व्हरवर ठेवली, की पुढचे बदल एकाच जागी करता येतात. संगणकांना आपोआप आयपी पत्ते देणाऱ्या डीएचसीपी सेवेच्या २५२ क्रमांकाच्या पर्यायातून तिचा पत्ता संगणकांना आपोआपही कळवता येतो. मात्र या स्वयंचलित शोधात एक धोका आहे : संगणक नेटवर्कवर "डब्ल्यूपॅड" या नावाचे यंत्र शोधत असतो, आणि ते नाव आपण राखून ठेवले नाही तर दुसऱ्या कोणी तरी ते धारण करून सर्वांची वाहतूक स्वतःकडे वळवू शकते. म्हणून स्वयंचलित शोध वापरायचा नसेल तर तो पॉलिसीतूनच बंद करावा.

खरेदीच्या वेळी पैसे वाचवण्यासाठी विंडोजची होम आवृत्ती असलेले लॅपटॉप घेतले जातात, आणि मग त्यांना डोमेनमध्ये घेता येत नाही. या एका कारणाने मी कित्येक आराखडे अर्धवट राहिलेले पाहिले आहेत. पुढच्या खरेदीच्या कोटेशनमध्ये प्रो आवृत्ती असा स्पष्ट उल्लेख करावा.

सेटिंगच न भरता, वाहतूक आपोआप प्रॉक्सीकडे वळवणारी पारदर्शक पद्धत सोपी नाही का?

बसवायला सोपी आहे, पण ती अपुरी पडते. पारदर्शक पद्धतीत आपण प्रॉक्सीशी बोलत आहोत हे ब्राउझरला माहीत नसते, त्यामुळे वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड विचारण्याची नेहमीची पद्धत तिथे चालत नाही. सर्व काही आयपी पत्त्याच्या भरवशावर राहते. शिवाय आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर, म्हणजे एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात बंद) केलेल्या जोडणीवर, आहेत, आणि अशी जोडणी मध्येच पकडली तर संकेतस्थळाचे नाव तिच्या सुरुवातीच्या संदेशातून वाचावे लागते. ते नावही लपवण्याची सोय आता ब्राउझरांमध्ये आली आहे.

सेटिंग भरलेल्या पद्धतीत ब्राउझर स्वतःहून "मला अमुक संकेतस्थळाच्या ४४३ पोर्टला जोडून द्या" अशी विनंती प्रॉक्सीकडे करतो. नाव उघड असते, मजकूर मात्र एन्क्रिप्टच राहतो. बहुतेक कार्यालयांना कोण कुठे जातो एवढेच ठरवायचे असते आणि त्यासाठी हे पुरेसे आहे. पाहुण्यांच्या वाय-फायसारख्या ठिकाणी, जिथे सेटिंग भरणे शक्यच नाही, तिथे पारदर्शक पद्धत वापरावी, आणि ते नेटवर्क मुख्य नेटवर्कपासून वेगळे ठेवावे.

एचटीटीपीएस उघडून आतला मजकूर तपासावा का?

तांत्रिकदृष्ट्या ते करता येते. कार्यालयाने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र तयार करून सर्व संगणकांवर बसवले की प्रॉक्सी प्रत्येक जोडणी मध्ये उघडून पुन्हा बंद करू शकते. तरीही लहान कार्यालयाने या वाटेला जाऊ नये असे माझे ठाम मत आहे. त्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली ज्याच्या हाती लागेल तो कोणत्याही बँकेच्या संकेतस्थळाचे सोंग आपल्या संगणकांपुढे वठवू शकतो, आणि ती किल्ली ज्या यंत्रावर असते ते यंत्र बऱ्याचदा चहाच्या टेबलाशेजारी, कुलपाविना, उभे असते. पतसंस्थेत बँकेचे पासवर्ड त्या यंत्रातून उघड्या रूपात जाणार असतील, तर वाचवलेल्या वेळेपेक्षा पत्करलेला धोका कितीतरी मोठा ठरतो. उघडणे अपरिहार्यच असेल तर बँका, रुग्णालयीन सेवा आणि सरकारी संकेतस्थळे त्यातून वगळावीत आणि कर्मचाऱ्यांना तसे लेखी कळवावे.

क्विक म्हणजे काय, आणि ते बंद का करायचे?

हा यूडीपीवर चालणारा नवा वाहतूक प्रोटोकॉल आहे. २०२१ मध्ये तो प्रमाणित झाला आणि एचटीटीपीची तिसरी आवृत्ती त्यावरच चालते. अनेक फायरवॉलवर फक्त टीसीपी ४४३ बंद केलेला असतो आणि यूडीपी ४४३ उघडा राहतो, त्यामुळे यूट्यूबसारख्या सेवा थेट चालतात. यूडीपी ४४३ बंद करावा. ब्राउझर तक्रार न करता टीसीपीवर परत येतो.

व्हीपीएन, टॉर आणि अल्ट्रासर्फसारखे प्रोग्राम कसे रोखावेत?

हे प्रोग्राम आपली वाहतूक बंदिस्त मार्गाने बाहेरच्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेतात आणि अशा रीतीने निर्बंध चुकवतात. वर सांगितल्याप्रमाणे सर्व काही आधी बंद केले असेल तर यांतील निम्मे काम झालेलेच असते. ओपनव्हीपीएनचा ११९४, वायरगार्डचा ५१८२०, आयपीसेकचे ५०० आणि ४५००, पीपीटीपीचा १७२३ हे व्हीपीएनच्या निरनिराळ्या प्रकारांचे पोर्ट वेगळे बंद करण्याची गरज राहत नाही, कारण ते कधी उघडलेच नव्हते.

उरतात ते प्रोग्राम, जे साध्या एचटीटीपीएसचे रूप घेऊन प्रॉक्सीमधूनच बाहेर जातात. त्यांच्यासाठी प्रॉक्सीवर तीन गोष्टी कराव्यात. जोडून देण्याची विनंती ४४३ शिवाय अन्य पोर्टसाठी आल्यास ती नाकारावी. स्क्विडच्या मूळ फाइलमध्ये हा नियम आधीपासूनच असतो, परंतु घाईघाईने त्याच्या वर "सर्वांना परवानगी" अशी ओळ लिहिली जाते, आणि नियम वरून खाली वाचले जात असल्याने तो निकामी होतो. दुसरे म्हणजे नावाऐवजी नुसता आयपी पत्ता देऊन केलेली जोडणी नाकारावी, कारण कार्यालयीन कामात तिची गरज क्वचितच पडते आणि टॉरसारखे प्रोग्राम तिच्यावरच विसंबून असतात. तिसरे म्हणजे वेब-प्रॉक्सी व व्हीपीएन सेवांच्या नियमित अद्ययावत होणाऱ्या याद्या वापराव्यात. या याद्या कधीच पूर्ण नसतात, हे गृहीत धरूनच त्या वापराव्यात.

खरा बंदोबस्त संगणकावर होतो. कर्मचाऱ्याच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार नसावेत, ब्राउझरमध्ये ठरवून दिलेल्या यादीबाहेरची एक्स्टेन्शन बसू नयेत आणि डाउनलोड फोल्डर किंवा पेनड्राइव्ह यांतून कोणताही प्रोग्राम थेट चालू नये. एवढे असल्यास बहुतेक व्हीपीएन सुरूच होऊ शकत नाहीत. दूरस्थ मदतीसाठी वापरले जाणारे प्रोग्रामही याच नजरेने पाहावेत, कारण घरच्या संगणकावर जाऊन तिथला ब्राउझर वापरणे ही बगलच आहे. लेखापरीक्षकांना किंवा सॉफ्टवेअर पुरवठादारांना ते लागत असतील तर ठरलेल्या संगणकावर आणि ठरलेल्या वेळेतच चालू करावेत.

ब्राउझरमधील सुरक्षित डीएनएसचे काय?

एचटीटीपीएसमधून चालणारा डीएनएस पोर्ट ४४३ वापरत असल्याने पोर्टवरून तो ओळखता येत नाही. प्रॉक्सीची सक्ती असलेल्या कार्यालयात त्याचा उपद्रव फारसा होत नाही. जिथे केवळ डीएनएसवरच गाळणी लावलेली आहे तिथे मात्र तो संपूर्ण व्यवस्था निष्प्रभ करतो. ब्राउझरच्या पॉलिसीतून तो बंद ठेवावा.

आयपीव्ही६ आम्ही वापरत नाही. तरी त्याकडे लक्ष द्यावे का?

आयपीव्ही६ ही आयपी पत्त्यांची नवी पद्धत आहे आणि आयपीव्ही४ ही जुनी. आपण नवी पद्धत वापरत नसलात तरी आपले संगणक वापरत असतात. जोडणी देणाऱ्याने आयपीव्ही६ चालू केले की संगणक आपोआप पत्ता घेतात, आणि आयपीव्ही४ साठी लिहिलेले नियम त्यांना लागू होत नाहीत. एक तर हेच नियम आयपीव्ही६ साठी पुन्हा लिहावेत, नाहीतर फायरवॉलवर ते पूर्ण बंद ठेवावे.

साहेबांच्या संगणकाला सूट दिली आहे. तिचा गैरवापर होऊ शकतो का?

सूट आयपी पत्त्यावर दिली असेल तर होतोच. एका संस्थेत व्यवस्थापक दर मंगळवारी विट्याच्या शाखेत जात आणि दर मंगळवारीच त्यांच्या पत्त्यावरून दिवसभर क्रिकेटचे सामने पाहिले जात. कोणीतरी त्यांचा आयपी पत्ता स्वतःच्या संगणकावर भरत होते. मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, आणि आयपी यांची जोडी बांधून ठेवल्याने थोडी अडचण निर्माण होते, परंतु मॅक पत्ताही बदलता येतो. म्हणून सूट यंत्राला न देता व्यक्तीला द्यावी, म्हणजे प्रॉक्सीने नाव आणि पासवर्ड विचारावा. डोमेन असल्यास कर्बेरॉस ही, पासवर्ड नेटवर्कवरून न पाठवता ओळख पटवणारी, पद्धत वापरावी. साध्या पद्धतीत पासवर्ड वाटेत जवळजवळ उघडाच जातो, त्यामुळे ती वापरणे भाग पडल्यास तो पासवर्ड अन्य कुठल्याही कामाचा नसावा.

तात्पुरत्या सवलतींबाबत मी माझाच अनुभव सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा एका कार्यालयाचे सर्व सामान आम्ही वरच्या मजल्यावर हलवले. प्रॉक्सीचे यंत्र बंद ठेवावे लागल्याने मी राउटरवर सर्वांना थेट वाट देणारा एक नियम घातला. पाणी ओसरले, प्रॉक्सी पुन्हा सुरू झाली, पण तो नियम तसाच राहिला आणि पुढच्या वर्षीच्या तपासणीतच तो माझ्या नजरेस आला. तेव्हापासून प्रत्येक तात्पुरत्या नियमाच्या वर्णनात मी त्याची शेवटची तारीख लिहितो, आणि जिथे वेळापत्रकाने नियम आपोआप बंद करण्याची सोय असते तिथे ती न चुकता वापरतो.

कर्मचारी मोबाइलचा हॉटस्पॉट लावतात. फायरवॉल काय करणार?

फायरवॉल काहीच करू शकत नाही, कारण ती वाहतूक तिच्यापर्यंत येतच नाही. टेबलावरच्या संगणकांना वाय-फायची गरज नसेल तर त्यांचे वाय-फाय बंद करावे. डोमेनमधील संगणकांसाठी विंडोजमध्ये अशी पॉलिसी आहे की कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडलेला असताना संगणक दुसऱ्या नेटवर्कला जोडलाच जाणार नाही. ती अवश्य लावावी. यूएसबी केबलने मोबाइल जोडला की तो नवे नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो, तेव्हा नवी उपकरणे बसवण्यावरही पॉलिसीने निर्बंध घालावेत.

हा प्रकार केवळ वेळ घालवण्यापुरता राहत नाही. एकाच वेळी कार्यालयाच्या नेटवर्कला आणि हॉटस्पॉटला जोडलेला संगणक हा आतल्या हिशेबाच्या सर्व्हरपर्यंत पोचणारा न राखलेला दरवाजा असतो, हे व्यवस्थापनाला समजावून सांगावे. कर्मचाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर काय पाहावे हा मात्र नेटवर्कचा प्रश्न नाही आणि तो नेटवर्कने सोडवू नये.

निर्बंध लावल्यावर जीएसटीची डिजिटल सही आणि अँटिव्हायरस बंद पडले. का?

डिजिटल सहीसाठी बसवलेला प्रोग्राम अनेकदा त्याच संगणकावरील १२७.०.०.१ या पत्त्याशी बोलतो, आणि ती विनंती चुकून प्रॉक्सीकडे गेली की सही होत नाही. हा पत्ता आणि "लोकलहोस्ट" हे नाव प्रॉक्सीच्या अपवादांत घालावे. अँटिव्हायरस आणि विंडोजच्या काही सेवा ब्राउझरची सेटिंग वाचत नाहीत. त्यांना प्रॉक्सीचा पत्ता स्वतंत्रपणे द्यावा लागतो. तेही जमत नसेल तर त्या सेवेच्या ठरावीक पत्त्यांपुरती वाट उघडावी. विवरणपत्राच्या शेवटच्या आठवड्यात मात्र कोणताही नवा निर्बंध लावू नये.

लॉगमधून बगल ओळखता येते का, आणि लॉग किती दिवस ठेवावेत?

दोन खुणा मला सर्वाधिक उपयोगी पडल्या आहेत. दिवसभर चालू असलेल्या संगणकाच्या प्रॉक्सीच्या लॉगमध्ये जेमतेम दहा ओळी असतील, तर त्याची वाहतूक दुसरीकडून जात आहे. आणि एकाच अनोळखी नावाशी तासन् तास चाललेली, शेकडो एमबीची एकच जोडणी असेल, तर ती बहुधा व्हीपीएन असते. स्क्विड अशा जोडणीची ओळ ती संपल्यावर लिहिते, त्यामुळे चालू जोडणी लॉगमध्ये दिसली नाही म्हणून ती नाही असे समजू नये.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे कंपन्या व संस्थांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि नेमून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. लिनक्सवर लॉग फिरवण्याची मूळ मांडणी पुष्कळदा काही दिवसांचेच लॉग ठेवते, तेव्हा ती मुद्दाम बदलावी. दुसरीकडे, या लॉगमध्ये माणसाच्या आजाराचा, कर्जाचा, नव्या नोकरीच्या शोधाचा माग असतो. ते पाहण्याचा अधिकार दोनच व्यक्तींना असावा आणि कोणी, कधी, कशासाठी पाहिले याची नोंद वहीत व्हावी. प्रॉक्सी आहे, नोंदी ठेवल्या जातात आणि त्या कोण पाहतो, हे सांगणारे मराठीतील एक पानी पत्रक प्रत्येक कर्मचाऱ्याला देऊन त्यावर सही घ्यावी.

बगल देणारा सापडला तर काय करावे?

प्रथम त्याला एकांतात कारण विचारावे. एका रुग्णालयात स्वागतकक्षातील ताई रोज हॉटस्पॉट लावत असत; चौकशी केल्यावर कळले की विमा कंपनीचे पोर्टल प्रॉक्सीच्या यादीत चुकीने अडकले होते आणि रुग्णांचे नातेवाईक त्यांच्यासमोर ताटकळत होते. त्यांनी तीन वेळा फोन केला होता, पण कोणी दखल घेतली नव्हती. त्या दिवशी यादी दुरुस्त झाली, आणि अडलेले संकेतस्थळ उघडून मागण्यासाठी एक साधा अर्ज व त्याचे उत्तर दोन तासांत देण्याची जबाबदारी ठरली. त्यानंतर तिथला हॉटस्पॉट आपोआप बंद झाला. कारण कामाचे नसेल आणि समज देऊनही प्रकार चालू राहिला, तर तो विषय व्यवस्थापनाकडे लेखी द्यावा. नेटवर्क सांभाळणाऱ्याने स्वतः शिक्षा ठरवू नये.

सर्व वाटा बंद झाल्या आहेत हे कसे तपासावे?

सर्वसाधारण कर्मचाऱ्याच्या खात्याने, त्याच्याच खुर्चीवर बसून तपासावे. प्रॉक्सीची सेटिंग काढून एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे, ते उघडता कामा नये. डीएनएसचा पत्ता बदलून पाहावा, आयपीव्ही६ वरून बाहेर जाता येते का ते पाहावे, पेनड्राइव्हवरून ब्राउझर चालवून पाहावा, मोबाइल केबलने जोडून पाहावा. राउटर बदलल्यावर, फायबर जोडणीचा डबा बदलल्यावर आणि विजेच्या बिघाडानंतर यंत्र मूळ सेटिंगवर गेले असल्यास ही तपासणी त्याच दिवशी करावी, आणि एरवी तीन महिन्यांतून एकदा. तपासणीची तारीख आणि उघडी सापडलेली वाट सर्व्हरच्या कपाटात ठेवलेल्या वहीत लिहावी, म्हणजे पुढे येणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.